नॉरिचच्या शाळेतले ड्रॉइंगचे सर

इंग्लंडच्या पूर्वेला नॉरिच नावाचे शहर आहे. ट्रॅफल्गर जिंकणारा नेल्सन लहानपणी काही काळ तिथल्या शाळेत होता. त्याच शाळेत पुढे जॉन क्रोम ड्रॉइंग शिकवायचा. नेल्सनवर सगळेच लिहितात, म्हणून मी क्रोमवर लिहितो.

क्रोमचा जन्म १७६८ सालचा. वडील विणकर, घरी पैसा नाही, शाळा जेमतेम. पोरवयातच तो एका डॉक्टरकडे औषधे पोचवायच्या कामाला लागला. १७८३ मध्ये, म्हणजे जवळजवळ माझ्याच वयाचा असताना, घोडागाड्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका कारागिराकडे तो सात वर्षे उमेदवारीला राहिला. रंग वापरायला तो शिकला तो तिथेच. पाटी लांबून कळावी लागते. क्रोमच्या चित्रांत बारीकसारीक गर्दी नसते, मोठे आकाश आणि मोठी जमीन असते, ती सवय पाट्यांचीच असावी असे मला वाटते.

रॉबर्ट लॅडब्रुक हा त्याचा मित्र. दोघे माळ्यावरच्या एका खोलीत राहून चित्रे काढायचे. थॉमस हार्वे नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने क्रोमला आपल्याकडची चित्रे पाहू दिली. त्यांत हॉलंडच्या हॉबेमाचे चित्र होते, गेन्सबरोचेही होते. क्रोमने त्यांच्या नकला केल्या. हेच त्याचे कॉलेज!

पोट मात्र शिकवण्यावर चालायचे. १८०३ मध्ये त्याने आणि मित्रांनी नॉरिचमध्ये चित्रकारांची संस्था काढली. १८०५ पासून तिची प्रदर्शने भरू लागली. लंडनबाहेर असे काही तेव्हा नवीनच होते. पुढे १८१६ मध्ये लॅडब्रुक भांडून वेगळा झाला.

फ्रान्सशी युद्ध चालू असल्यामुळे परदेशी जाणे अवघड होते. १८१४ मध्ये थोडी शांतता झाली आणि क्रोम पॅरिसला गेला. नेपोलियनच्या फौजांनी देशोदेशींहून लुटून आणलेली चित्रे तेव्हा तिथे मांडलेली होती. ती पाहून क्रोम परत आला आणि पुन्हा नॉरिचच्याच आसपासचे काढत राहिला.

शहराजवळच माउसहोल्ड नावाचे मोठे मोकळे माळरान होते. गरीब लोक तिथे गुरे चारायचे. क्रोमच्या तरुणपणी कायदा करून त्याचा बराचसा भाग कुंपणात गेला आणि नांगराखाली आला. १८१८ नंतर कधीतरी क्रोमने ते माळरान रंगवले, पण चित्रात कुंपण नाही. नुसती वर चढत गेलेली मोकळी जमीन, थोडी माणसे, गुरे आणि खूप आकाश. त्याने पाहिलेली जागा निम्मी संपली होती. तरीही ती त्याने जशी होती तशीच काढली. मला त्याचे हेच चित्र सर्वांत आवडते.

२२ एप्रिल १८२१ रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी, तो वारला. त्याच वर्षी नॉरिचमध्ये त्याच्या शंभराहून अधिक चित्रांचे प्रदर्शन भरले. चित्रांवर तो सही क्वचितच करायचा, त्यामुळे कोणते चित्र त्याचे आणि कोणते त्याच्या विद्यार्थ्यांचे यावर जाणकार अजून वाद घालतात.