विनोबांचे फावडे आणि वस्तीचा कारभार

शहरातील एखादी जुनी वस्ती सुधारावयाची ठरली म्हणजे नकाशे नगररचना कार्यालयात तयार होतात, निविदा निघतात, ठेकेदार नेमला जातो आणि हे सर्व उरकल्यावर तेथे राहणाऱ्या माणसांच्या हाती नोटीस पडते. सुधारणा ज्यांच्यासाठी, त्यांनाच सर्वांत शेवटी विचारण्याची ही रीत आता अंगवळणी पडली आहे. वस्तीचा कारभार वस्तीतल्यांनीच कसा चालवावा, या प्रश्नासाठी वर्धा जिल्ह्यातील एका माणसाने आयुष्याचा मोठा भाग वेचला. आचार्य विनोबा भावे यांचे नाव भूदानाशी जोडून घेतले जाते आणि तेथेच सोडून दिले जाते. भूदानाच्या आधी आणि नंतर त्यांनी जे केले, ते या प्रश्नाच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.

११ सप्टेंबर १८९५ रोजी कुलाबा जिल्ह्यातील गागोदे येथे जन्मलेले विनोबा १९१६ साली महाविद्यालयीन परीक्षेकडे पाठ फिरवून काशीस गेले व त्याच वर्षी गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी एप्रिल १९२१ मध्ये त्यांना वर्ध्यास धाडले आणि तेव्हापासून हा जिल्हा त्यांची कर्मभूमी झाला. पुढे ते शहराजवळच्या नालवाडीस राहावयास गेले आणि १९३८ साली धाम नदीकाठी पवनारला स्थिरावले. १९४० च्या वैयक्तिक सत्याग्रहात गांधीजींनी पहिला सत्याग्रही म्हणून त्यांची निवड केली, तेव्हा कोठे देशाला त्यांचे नाव ठाऊक झाले.

तुरुंगवास संपल्यावर १९४६ साली या प्रकांड पंडिताने खांद्यावर फावडे घेतले. पवनारहून सुमारे तीन मैलांवरील सुरगावास रोज पायी जावे, रस्त्याकडेची घाण उचलावी, झाकावी आणि परत यावे, असा त्यांचा नेम होता. एकदा पुरामुळे नदी ओलांडता येईना, तेव्हा त्यांनी अलीकडच्या काठावरूनच हाक घालून, गावचा सफाईकामगार कामावर येऊन गेल्याचा निरोप देवळातल्या देवासाठी दिला. हे व्रत वीस वर्षे चालवावयाचे, असा त्यांचा संकल्प होता. कारण सवय बदलावयास एक पिढी लागते, हा त्यांचा हिशेब होता. परंतु १९४८ च्या जानेवारीत गांधीजींची हत्या झाली आणि नव्या जबाबदाऱ्यांमुळे तो संकल्प अपुरा राहिला.

सुरगावच्या या उपक्रमात एक उणीव होती व ती विनोबांच्या निष्ठेची नव्हती. फावडे बाहेरच्या माणसाच्या हाती होते. सेवक कितीही थोर असो, तो येईनासा झाला की त्याचे काम मागे पडण्याचा धोका राहतोच. गावाने स्वतःची व्यवस्था स्वतः लावावयाची तर गावाचे एक मंडळ हवे, आणि त्या मंडळाच्या हाती नुसती झाडू नव्हे, तर जमीनही हवी. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे रामचंद्र रेड्डी यांनी शंभर एकर जमीन देऊ केली आणि भूदानाची गंगा वाहू लागली. पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातील मंगरोठ या गावाने सारी जमीन गावाच्या स्वाधीन केली. तेथून भूदानाचे ग्रामदान झाले.

ग्रामदानाची घटना पाहण्याजोगी आहे. गावातील प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुष ग्रामसभेचा सभासद. जमिनीची मालकी ग्रामसभेची. कसणारा ती कसत राहील, परंतु सभेच्या संमतीवाचून गावाबाहेरच्या कोणाला विकणार नाही. पुढे सुलभ ग्रामदानात विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी आणि उत्पन्नाचा चाळिसावा भाग ग्रामकोषासाठी, असे प्रमाण ठरले. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसंमतीने. महाराष्ट्राने यासाठी १९६४ साली कायदाही केला.

शहरांचाही विचार विनोबांनी केला होता. १९६० च्या जुलै-ऑगस्टमध्ये सुमारे महिनाभर ते इंदूरला मुक्काम करून राहिले. त्या नगरीचे सर्वोदयनगर व्हावे म्हणून त्यांनी स्वतः सफाई केली, अश्लील भित्तिपत्रकांविरुद्ध मोहीम काढली, घरोघरी सर्वोदयपात्र ठेवावयास लावले. मात्र पदयात्रा पुढे गेली आणि जमिनीवर हक्क असलेली मोहल्लासभा काही तेथे उभी राहिली नाही. सुरगावचीच उणीव इंदुरात मोठ्या प्रमाणावर दिसली.

ग्रामदानाचे अपयशही झाकण्याचे कारण नाही. आकड्यांच्या मागे लागून १९६९ पर्यंत जवळजवळ सारा बिहार दानात आल्याची घोषणा झाली. त्यातील बहुसंख्य गावे कागदावरच राहिली. संकल्पपत्रावर सही घेणे सोपे, सभा चालवणे कठीण. शिवाय सर्वसंमतीच्या नियमाने एखादा बलदंड जमीनदार सारे अडवून धरू शकतो, हा आक्षेपही खोटा नाही.

तरीही बीज वाया गेले नाही. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात १९६९ साली कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी न्यू कम्युनिटीज ही भूमिन्यास संस्था निघाली. तिच्या प्रवर्तकांनी ग्रामदानापासून प्रेरणा घेतली होती. भूमिन्यासाची ती कल्पना पुढे शहरात शिरली. बोस्टनच्या रॉक्सबरी भागात, जळक्या इमारती आणि उकिरडे यांनी भरलेल्या डडली स्ट्रीट वस्तीत १९८४ साली एक संस्था स्थापन झाली. तिच्या नियोजित मंडळात बाहेरच्या संस्थांचेच वर्चस्व होते. रहिवाशांनी भरसभेत जाब विचारला आणि मंडळात स्वतःचे बहुमत मिळवले. १९८८ साली या वस्तीच्या भूमिन्यासाला पडीक जमिनी संपादन करण्याचा अधिकार लाभला. त्या जमिनीवर घरे झाली. जमीन मात्र न्यासाचीच राहिली.

आपल्याकडे ७४ व्या घटनादुरुस्तीने प्रभाग समित्या आणल्या. परंतु त्या बंधनकारक आहेत तीन लाखांवरील लोकसंख्येच्या शहरांनाच. २०११ च्या जनगणनेत लाखाच्या आसपास असलेले वर्धा शहर त्यात बसत नाही. जेथे समित्या आहेत, तेथेही त्या मुख्यतः नगरसेवकांच्या आहेत. रहिवाशाला तेथे आसन नाही, जमिनीबद्दल बोलण्याचा अधिकार तर नाहीच नाही. उलट गडचिरोलीतील मेंढा (लेखा) या गावाने आधी वर्षानुवर्षे सर्वसंमतीची ग्रामसभा चालवली आणि मग २०१३ साली १९६४ च्या कायद्याखाली ते ग्रामदानी झाले. आधी सभा, मग कागद, हा क्रम बिहारच्या नेमका उलट होता.

विनोबांनी शेवटची वर्षे पवनारलाच काढली व १५ नोव्हेंबर १९८२ रोजी तेथेच प्रायोपवेशनाने देह ठेवला. १९५९ साली त्यांनी तेथे स्थापलेल्या ब्रह्मविद्या मंदिराचा कारभार त्यांनी कोणा अधिपतीकडे न सोपवता भगिनींच्या सर्वसंमतीवर सोपवला. पवनार वर्ध्यापासून दूर नाही. झोपडपट्टी पुनर्वसनाचा वा जुन्या पेठेच्या सुधारणेचा आराखडा हाती घेणाऱ्या नगरपालिकेने आधी त्या वस्तीची सभा बोलवावी, तिचे मंडळ निवडू द्यावे आणि जमिनीविषयीचा शब्द त्या मंडळाला द्यावा. तेवढे झाले नाही, तर सुधारलेली वस्ती ठेकेदार गेल्यावर पुन्हा कोणा एकाच्या फावड्याची वाट पाहत बसेल.