मातीत आरोग्य शोधणारा शास्त्रज्ञ

घरामागच्या बागेत पालापाचोळा आणि शेण कुजवून खत करणारे अनेकजण नकळत अल्बर्ट हॉवर्ड यांच्याच वाटेने जातात.

१८७३ मध्ये इंग्लंडमधील शेतकरी कुटुंबात जन्मलेले हॉवर्ड वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून १९०५ मध्ये बिहारमधील पुसा येथील सरकारी कृषी संशोधन संस्थेत आले. पत्नी गॅब्रिएल याही वनस्पतिशास्त्रज्ञ. दोघांनी मिळून गव्हाचे सुधारित वाण तयार केले. आसपासच्या शेतकऱ्यांची पिके औषधाविनाही बऱ्यापैकी निरोगी असल्याचे पाहून हॉवर्ड त्यांच्याकडूनच शिकू लागले.

सकस चाऱ्यावर पोसलेले आपले बैल लाळ्या-खुरकूत झालेल्या जनावरांच्या संपर्कात येऊनही आजारी पडले नाहीत, अशी त्यांची नोंद आहे. माती, पीक, जनावर आणि माणूस यांचे आरोग्य एकाच साखळीत असते, हे त्यांचे मत पुढे पक्के झाले.

शेण गोवऱ्यांत जळते, मग शेताला खत कुठून? १९२४ पासून इंदूरच्या संस्थेत त्यांनी उत्तर शोधले. काडीकचरा, थोडे शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचायचे, ओल राखायची, ढीग अधूनमधून उलटायचा. हवा मिळाल्याने जिवाणू वाढतात, ढीग तापतो आणि सुमारे तीन महिन्यांत खत होते. यशवंत वाड यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक १९३१ मध्ये आले.

१९४७ मध्ये हॉवर्ड वारले. बैलांची ती नोंद म्हणजे काटेकोर प्रयोग नव्हता. लाळ्या-खुरकुताची लस टोचायलाच हवी. खताची इंदूर पद्धत मात्र आजही कामाची आहे.