आयुष्यभर प्रोटीनवर संशोधन केलं, पण स्वतःच्या ताटातलं प्रोटीन मोजून खावं लागलं

दोन नोबेल पुरस्कार आणि दोन्ही कोणासोबत वाटून न घेता. असा विक्रम आजवर एकाच माणसाच्या नावावर आहे, लायनस पॉलिंग. १९५४ साली रसायनशास्त्राचं आणि १९६२ साली शांततेचं नोबेल त्यांना मिळालं.

पण १९४१ मध्ये हा माणूस वाचेल की नाही, याचीच शंका होती.

तेव्हा पॉलिंग ४० वर्षांचे होते. एक पदक स्वीकारायला न्यूयॉर्कला गेले, तेव्हा त्यांचा चेहरा चांगलाच सुजला होता. निदान झालं ब्राइट्स डिसीज, म्हणजे किडनीचा गंभीर आजार. त्या काळात ना डायलिसिस होतं, ना किडनी ट्रान्सप्लांट.

मग ते स्टॅनफर्डच्या डॉ. थॉमस अ‍ॅडिस यांच्याकडे गेले. अ‍ॅडिस यांचा विचार सरळ होता. खाल्लेलं प्रोटीन शरीरानं वापरलं की युरिया तयार होतो. तो लघवीवाटे बाहेर टाकायचं काम किडनीचं. किडनी दुखावली असेल, तर तिचं काम कमी करायचं. म्हणून मीठ बंद आणि प्रोटीन मोजून.

ही मोजदाद केली पत्नी एव्हा हेलन यांनी. कशात किती ग्रॅम प्रोटीन आहे, याचा हिशेब त्या ठेवायच्या. काही महिन्यांत सूज उतरली, तरी पथ्य सुटलं नाही. ते दहा वर्षांहून जास्त चाललं.

गंमत म्हणजे याच काळात पॉलिंग प्रोटीनची रचना शोधत होते. प्रोटीनच्या साखळीचा मळसूत्रासारखा आकार, म्हणजे अल्फा हेलिक्स, त्यांनी १९५१ मध्ये जगापुढे मांडला.

१९९४ मध्ये ते गेले, वयाच्या ९३ व्या वर्षी आणि तेही कॅन्सरनं.

पण ही गोष्ट वाचून लगेच डाळ, दूध, अंडी बंद करू नका. एक माणूस बरा झाला, म्हणून सगळ्यांना तोच उपाय चालत नाही. प्रोटीन फारच कमी झालं तर स्नायू झिजतात, अशक्तपणा येतो. डायलिसिसवर असलेल्यांना तर उलट जास्त प्रोटीन लागतं. पॉलिंग यांच्या पथ्यामागे डॉक्टर होते आणि घरात रोजचा हिशेब होता. तुमचा आकडाही किडनीच्या डॉक्टरांकडून आणि आहारतज्ज्ञांकडूनच ठरवून घ्या.