निराधार आजाऱ्यांच्या खाटेपाशी फ्लॉरेन्स नाइटिंगेल

नवी दिल्ली, १२ मे : फ्लॉरेन्स नाइटिंगेल हे नाव उच्चारताच रात्रीच्या अंधारात हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांच्या रांगांमधून फिरणारी स्त्री डोळ्यांसमोर उभी राहते. शालेय पाठ्यपुस्तकांनी हे चित्र पिढ्यान्‌पिढ्या जपले आहे आणि त्यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. मात्र क्रिमियाच्या युद्धातील त्यांचे प्रत्यक्ष कार्य दोन वर्षांपेक्षाही कमी काळाचे होते. त्याआधी त्यांनी लंडनमधील एका लहानशा शुश्रूषागृहाचा कारभार पाहिला आणि त्यानंतर सरकारी आश्रयावर जगणाऱ्या वृद्ध, दुर्धर व निराधार आजाऱ्यांना माणसासारखी वागणूक मिळावी यासाठी अनेक वर्षे झुंज दिली. त्यांच्या चरित्राचा हा भाग फारसा सांगितला जात नाही.

आपल्याकडे नर्सिंग होम म्हटले की गल्लीतले लहान खासगी रुग्णालय समोर येते. इंग्लंडमध्ये या शब्दाने ज्यांना घरी सांभाळणारे कोणी नाही अशा दुबळ्या, बहुतांशी वृद्ध माणसांचे दीर्घकालीन निवासस्थान ओळखले जाते. नाइटिंगेल यांच्या काळात अशी बहुतेक माणसे वर्कहाउसमध्ये, म्हणजे गरिबांसाठी करातून चालवल्या जाणाऱ्या आश्रयगृहात जात. कामचुकारांना तेथे येण्याचा मोह होऊ नये म्हणून ही गृहे मुद्दाम कठोर ठेवलेली असत. त्या कठोरतेचा भार आजाऱ्यांवरही पडे.

नाइटिंगेल यांचा जन्म १२ मे १८२० रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला आणि शहराचेच नाव त्यांना मिळाले. घराणे श्रीमंत होते. डर्बीशायर आणि हॅम्पशायर या दोन परगण्यांत त्यांची प्रशस्त घरे होती. वडिलांनी स्वतः शिकवून त्यांना ग्रीक, लॅटिन, इतिहास आणि तत्त्वज्ञान यांची गोडी लावली. गणिताचा नाद मात्र त्यांचा स्वतःचा. ईश्वराने आपल्याला सेवेसाठी बोलावले आहे, अशी जाणीव त्यांना सतराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर झाली. पंचविशीत त्यांनी सॅलिसबरीच्या रुग्णालयात शुश्रूषेचे काम शिकण्याची इच्छा व्यक्त केली, तेव्हा घरात आकांत झाला. त्याला कारणही होते. तेव्हाची रुग्णपरिचारिका म्हणजे अशिक्षित, अल्पवेतनी आणि अनेकदा मद्यपी स्त्री, अशी समाजाची धारणा होती. रिचर्ड मंक्टन मिल्न्स यांच्यासारख्या प्रतिष्ठित कवी व संसदसदस्याची मागणीही त्यांनी नाकारली. अखेर १८५१ मध्ये जर्मनीतील कायझर्सवर्थ येथील संस्थेत सुमारे तीन महिने राहून त्यांनी रुग्णसेवेचे धडे घेतले.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या अप्पर हार्ले स्ट्रीटवरील एका शुश्रूषागृहाची सूत्रे त्यांच्याकडे आली. हे गृह आजारी कुलीन स्त्रियांसाठी होते. प्रत्यक्षात तेथे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणी गव्हर्नेस, म्हणजे श्रीमंतांच्या घरी राहून मुलांना शिकवणाऱ्या अविवाहित शिक्षिका असत. आयुष्य दुसऱ्यांच्या घरात गेलेले, साठवण तुटपुंजी, आणि आजार पडला की ते परके घरही सुटलेले. नाइटिंगेल यांनी वेतन घेतले नाही. वडिलांनी वर्षाला ५०० पौंडांची नेमणूक करून दिली आणि त्यावर त्या स्वतंत्रपणे राहू लागल्या.

संस्थेच्या महिला समितीच्या प्रमुख लेडी कॅनिंग होत्या. पुढे याच लेडी कॅनिंग गव्हर्नर जनरलच्या पत्नी म्हणून कोलकात्याला आल्या आणि बंगालमधील ‘लेडीकेनी’ या मिठाईच्या नावात आजही टिकून आहेत. नाइटिंगेल यांनी समितीपुढे ठेवलेल्या मागण्या मात्र थेट घरकामाच्या होत्या. प्रत्येक मजल्यावर नळाने गरम पाणी यावे. स्वयंपाकघरातून जेवण वर नेण्यासाठी दोराने ओढायचा पाळणा असावा. आजाऱ्याने घंटा वाजवली की परिचारिकेच्या दाराशी नेमकी कोणत्या खाटेची घंटा वाजली ते दिसावे, अशी योजना असावी. या मागण्यांमागचा हिशेब साधा होता. परिचारिकेचा दिवस जिने चढण्या-उतरण्यात आणि पाण्याच्या बादल्या वाहण्यात गेला, तर ती आजाऱ्याजवळ केव्हा बसणार? सेवेचा दर्जा परिचारिकेच्या दयाळूपणाइतकाच घराच्या रचनेवरही अवलंबून असतो, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. आजच्या कोणत्याही वृद्धाश्रमात उशाजवळ जे बोलावण्याचे बटण असते, त्याचे मूळ याच विचारात आहे.

धर्माचा प्रश्नही लगेच उभा राहिला. समितीला केवळ इंग्लंडच्या अधिकृत चर्चमधील स्त्रियांनाच प्रवेश द्यायचा होता. नाइटिंगेल यांनी कॅथलिक व इतर पंथीयांनाही दार उघडे असेल तरच आपण राहू, अशी भूमिका घेतली आणि ती मान्य करून घेतली. त्यांनी कोठीतील वाणसामान तपासले, फाटक्या चादरी बदलल्या, बाहेरून महाग मुरंबा आणण्याऐवजी तो घरातच करायला लावला. समितीत पुरुषांचा एक आणि महिलांचा एक असे दोन गट होते व त्यांचे एकमेकांशी पटत नसे. तेव्हा आपली सूचना समितीतील कोणाच्या तरी तोंडून मांडून घ्यायची, ही युक्ती त्या शिकल्या. पुढे मंत्र्यांशी वागतानाही हीच युक्ती त्यांना उपयोगी पडली.

क्रिमियाचा अध्याय सर्वपरिचित आहे. ऑक्टोबर १८५४ मध्ये ३८ परिचारिकांसह त्या तुर्कस्तानातील स्कुटारीकडे निघाल्या. तेथील लष्करी रुग्णालयात जखमांपेक्षा जुलाब, कॉलरा आणि तापानेच अधिक सैनिक दगावत होते. मार्च १८५५ मध्ये लंडनहून आलेल्या स्वच्छता आयोगाने इमारतीखालची तुंबलेली गटारे उपसली, पाणी व हवा यांची व्यवस्था लावली आणि मृत्युदर झपाट्याने खाली आला. या घसरणीचा खरा अर्थ नाइटिंगेल यांना मायदेशी परतल्यावर, संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत आकडे तपासताना उमगला. जिवापाड सेवा होत असतानाही सदोष इमारतीने माणसे मारली होती. ही जाणीव त्यांच्या जिव्हारी लागली असली पाहिजे. त्यांनी आकड्यांना रंगीत वर्तुळाकार आलेखांचे रूप दिले, म्हणजे राजकारण्यांच्याही ते लक्षात यावे. १८५८ मध्ये संख्याशास्त्र संस्थेने एका स्त्रीला प्रथमच सभासदत्व दिले, ती स्त्री नाइटिंगेल होत्या.

याच सुमारास त्यांची प्रकृती ढासळली. क्रिमियात झालेल्या तापाने पुढची अनेक वर्षे त्या बहुतांशी खोलीतच, पुष्कळदा अंथरुणावर होत्या. आजाऱ्याला काय सोसावे लागते, हे आता त्या खाटेवरूनच पाहत होत्या. १८५९ मधील ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या त्यांच्या छोट्या पुस्तकात म्हणूनच औषधांपेक्षा इतर गोष्टींचा ऊहापोह अधिक आहे : खिडकीतून येणारी हवा, दाराबाहेरची कुजबुज, न खाता तासन्‌तास उशाशी पडून राहिलेले ताट, एकाच भिंतीकडे पाहून येणारा कंटाळा, भेटायला आलेल्यांचे पोकळ दिलासे. आपण हजर असताना जे होते, ते आपण नसतानाही होईल अशी व्यवस्था लावणे म्हणजे कारभार, हे त्या पुस्तकातील कदाचित सर्वांत महत्त्वाचे सूत्र. वृद्धांची काळजी घेणाऱ्या संस्थांमधील बहुतेक हेळसांड आजही पाळी बदलताना, रात्री किंवा सुटीच्या दिवशी घडते, हे लक्षात घेतले तर या सूत्राचे मोल कळते.

लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या निधीतून १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात परिचारिकांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली. तेथून बाहेर पडणाऱ्या मुलींना मोठ्या रुग्णालयांत मानाची कामे मिळणार हे उघड होते. नाइटिंगेल यांचे लक्ष मात्र वर्कहाउसकडे वळले. निमित्त झाले लिव्हरपूलचे दानशूर व्यापारी विल्यम रॅथबोन यांच्या पत्राचे. ब्राउनलो हिल येथील वर्कहाउसच्या आजारी विभागात हजाराहून अधिक रुग्ण होते आणि त्यांची शुश्रूषा आश्रयाला आलेल्या इतर गरीब स्त्रियाच करीत. यातल्या अनेक जणींना वाचता येत नसे. आजाऱ्यांच्या वाट्याचे खाणे आणि औषधी मद्य चोरीला जाई. प्रशिक्षित परिचारिका मिळाल्या तर तीन वर्षांचा खर्च आपण करू, असे रॅथबोन यांनी कळवले.

१८६५ मध्ये ॲग्नेस जोन्स ही आयरिश तरुणी सेंट थॉमसच्या १२ परिचारिकांना घेऊन तेथे दाखल झाली. तिने पाहिलेले दृश्य भयाण होते. एकेका खाटेवर एकाहून अधिक रुग्ण, आठवडेच्या आठवडे न बदललेले कपडे, दारूवरून होणारी भांडणे. आश्रयातील धडधाकट स्त्रियांनाच थोडे वेतन देऊन मदतनीस करण्याचा प्रयोग फसला, आणि तो फसल्याचे जोन्स यांनी लपवले नाही. हळूहळू शिस्त बसली, खर्च वाढण्याऐवजी आटोक्यात आल्याचे दिसले आणि शहराच्या कारभाऱ्यांनी ही व्यवस्था पुढे चालवायचे ठरवले. जोन्स यांना मात्र ते फळ फार काळ पाहता आले नाही. फेब्रुवारी १८६८ मध्ये, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी, टायफसने त्यांचा बळी घेतला. आपल्या सर्वांत गुणी शिष्येच्या जाण्याचे दुःख नाइटिंगेल यांना दीर्घकाळ छळत राहिले.

लिव्हरपूलचा प्रयोग आकार घेत असतानाच लंडनमध्ये एका मृत्यूने खळबळ माजवली. डिसेंबर १८६४ मध्ये टिमथी डॅली नावाचा मजूर हॉलबोर्नच्या वर्कहाउसमधील हेळसांडीनंतर मरण पावला. पडून राहून त्याच्या अंगाला खोल जखमा झाल्या होत्या. वृत्तपत्रांनी हे प्रकरण लावून धरले. नाइटिंगेल यांनी गरीब कायदा मंडळाचे अध्यक्ष चार्ल्स व्हिलियर्स यांना तातडीने पत्र लिहून चौकशी मागितली आणि पाठोपाठ संपूर्ण सुधारणेचा आराखडा हाती दिला. त्याचा गाभा असा : आजारी, वेडे, दुर्धर रुग्ण आणि मुले यांना धडधाकट गरिबांपासून वेगळे ठेवा, लंडनभर एकच कारभार असू द्या, आणि खर्च श्रीमंत-गरीब सर्व वस्त्यांवर सारखा पसरा. कारण जेथे गरीब जास्त तेथेच कराचे उत्पन्न कमी, हा दुष्टचक्राचा फेरा होता. आजारी पडलेला गरीब हा आधी आजारी आहे, त्याला दारिद्र्याची शिक्षा देऊ नये, हा त्यामागचा नैतिक आग्रह.

सरकार बदलले, व्हिलियर्स गेले आणि आराखडा अडकून पडला. १८६७ च्या महानगर गरीब कायद्यात त्यातील काही भागच उतरला. संसर्गजन्य रोगांच्या व मनोरुग्णांच्या वेगळ्या रुग्णालयांची तरतूद झाली, खर्चासाठी सामाईक निधी आला. नाइटिंगेल निराश झाल्या, तरी कराच्या पैशातून सर्वांसाठी रुग्णालये उभारण्याच्या ब्रिटनमधील वाटचालीचा आरंभ अनेक इतिहासकार याच कायद्यापासून मानतात. वृद्धांच्या वाट्याला मात्र उपेक्षा राहिलीच. १९३५ मध्ये डॉ. मार्जोरी वॉरेन यांनी लंडनजवळच्या एका जुन्या वर्कहाउस विभागाचा ताबा घेतला, तेव्हा शेकडो वृद्ध रोगनिदानाशिवाय वर्षानुवर्षे खाटेवर पडून होते. त्यातले अनेक जण योग्य उपचार आणि व्यायामाने पुन्हा चालू लागले, काही घरीही गेले.

भारतात नाइटिंगेल कधीही आल्या नाहीत. तरी भारतातील लष्कराच्या आरोग्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाच्या १८६३ च्या अहवालामागे त्यांचेच श्रम होते. छावण्याछावण्यांतून मागवलेली माहिती त्यांनी खाटेवर बसून चाळली. येथील ब्रिटिश सैनिकांचा वार्षिक मृत्युदर हजारी ६९ असल्याचे त्या अहवालाने जगासमोर आणले. पुढे त्यांचे लक्ष छावणीच्या कुंपणाबाहेर, खेड्यांतील पाणी आणि सांडपाण्याकडे गेले. पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता. दयाराम गिडुमल यांनी लिहिलेल्या बेहरामजी मलबारी यांच्या चरित्राला १८९२ मध्ये त्यांनी प्रस्तावना लिहिली. याच मलबारी आणि गिडुमल यांनी १९०८ मध्ये मुंबईत सेवासदन स्थापन केले, आणि रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालील पुणे सेवासदनाने विधवा व गरजू स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देऊन महाराष्ट्रात या व्यवसायाला प्रतिष्ठा मिळवून दिली.

त्यांची सर्वच मते काळाच्या कसोटीला उतरली नाहीत. परिचारिकांची परीक्षा घेऊन सरकारी नोंदणी करावी, ही १८८० च्या दशकातील मागणी त्यांनी कडाडून विरोध करून रोखली. चांगुलपणा परीक्षेत मोजता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. त्या म्हणण्यात तथ्य असले, तरी नोंदणीअभावी कोणीही स्वतःला परिचारिका म्हणवून घेऊ शकत होते आणि त्याची किंमत रुग्णच मोजत होते. ब्रिटनमध्ये नोंदणीचा कायदा त्यांच्या निधनानंतर, १९१९ मध्ये झाला.

अखेरच्या काळात नाइटिंगेल यांना स्वतःच शुश्रूषेची गरज पडली. दृष्टी गेली, स्मृतीही विरत गेली. लंडनच्या साउथ स्ट्रीटवरील घरात वाचून दाखवायला आणि पत्रे सांभाळायला एक सोबतीण, तसेच परिचारिका असे. १९०७ मध्ये ऑर्डर ऑफ मेरिट हा सन्मान प्रथमच एका स्त्रीला देण्यात आला. तो त्यांच्या खोलीत आणून देण्यात आला तेव्हा काय घडते आहे हे त्यांना पुरते कळलेही नाही. १३ ऑगस्ट १९१० रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, झोपेतच त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनाचा प्रस्ताव त्यांच्या इच्छेनुसार नाकारण्यात आला. हॅम्पशायरमधील ईस्ट वेलोच्या चर्चच्या आवारात आईवडिलांच्या शेजारी त्यांना पुरण्यात आले. शवपेटी सहा सार्जंटांनी वाहिली. दगडावर त्यांच्यासाठी एफ. एन. ही आद्याक्षरे आणि जन्म-मृत्यूच्या तारखा एवढाच मजकूर आहे.