काचपट्टीपलीकडे पाहणारे डॉक्टर

तंबाखूची चिमूट, बोटभर चुना आणि तळहातावर फिरणारा अंगठा. एवढ्या भांडवलावर आपल्याकडे दोन अनोळखी माणसांची मैत्री जमते. ही चिमूट ओठामागे किंवा गालात जिथे विसावते, नेमके तिथेच पुढे काय घडते याचा शास्त्रशुद्ध मागोवा आपल्या देशात ज्यांनी घेतला, त्यांत डॉ. वसंत रामजी खानोलकर हे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म १३ एप्रिल १८९५ चा. लंडन विद्यापीठातून १९२३ साली विकृतिशास्त्रात एम. डी. होऊन त्यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल आणि सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन केले. १९४१ साली परळला टाटा मेमोरियल रुग्णालय उभे राहिले आणि तिथल्या प्रयोगशाळेची धुरा त्यांच्याकडे आली. विकृतिशास्त्रज्ञ म्हणजे रुग्णाला बहुधा कधीच न दिसणारा डॉक्टर! पण शस्त्रक्रिया करायची की नाही, हे पुष्कळदा त्याच्याच शब्दावर ठरते.

तोंडातला पांढरा चट्टा घ्या. तो बुरशीने येतो, टोकदार दाताच्या घर्षणाने येतो, तंबाखूनेही येतो. नुसत्या डोळ्यांना सारे सारखेच. म्हणून त्याचा लहानसा तुकडा काढतात, मेणात बसवून त्याचे अतिशय पातळ काप करतात आणि रंगवून काचपट्टीवर ठेवतात. निरोगी अस्तरात पेशींचे थर शिस्तीत असतात. नव्या पेशी तळाशी जन्मतात आणि वर सरकताना चपट्या होत जातात. ही शिस्त मोडली, पेशींची केंद्रे मोठी आणि गडद दिसू लागली, वरच्या थरांतही पेशींचे विभाजन होताना दिसले, की तपासणारा सावध होतो. हा कर्करोग नव्हे. त्याची शक्यता सांगणारी खूण आहे. तळाचा पातळ पडदा भेदून पेशी खाली उतरल्या, की मात्र तो कर्करोग.

बँकेत सह्या पडताळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, म्हणून यातली अडचण मला उमजते. एखादा फराटा वेगळा दिसला म्हणून सही खोटी ठरत नाही. सगळी वळणे एकत्र पाहावी लागतात. तरी कधी दोन मुरलेल्या अधिकाऱ्यांचे मत जुळत नाही. काचपट्टीवरचा बिघाड सौम्य की मध्यम, यावर तज्ज्ञांचेही असेच मतभेद होतात. अशा वेळी दुसऱ्याचे मत घेणे आणि गरज पडल्यास पुन्हा तपासणे, हाच शहाणपणा.

खानोलकरांचे मोठेपण हे, की ते काचपट्टीपाशी थांबले नाहीत. हा माणूस काय चघळतो, कुठे ठेवतो, हेही त्यांनी विचारले. तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने आलेल्या एक हजार रुग्णांचा आढावा त्यांनी १९४४ मध्ये प्रसिद्ध केला. पाठोपाठ १९४५ मध्ये सवयी आणि कर्करोग यांच्या नात्यावर त्यांचा निबंध आला. घट्ट नेसलेल्या धोतराने कमरेवर होणारा कर्करोगही त्यात होता. १९५५ साली सहकाऱ्यांसह त्यांनी तंबाखू ओढणे व चघळणे आणि तोंड-घशाचे कर्करोग यांचा संबंध तपासला. रोग नशिबाच्या खात्यातून सवयीच्या खात्यात आला, आणि सवय तर बदलता येते!

पुढे ते परळच्या कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक झाले. कुष्ठरोगावर त्यांनी संशोधन केले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळले, पद्मभूषणचा मान मिळवला. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी ते गेले.

माझ्या एका रोखपाल सहकाऱ्याच्या गालात असाच चट्टा सापडला, तोही दाढ दुखली म्हणून. तुकडा तपासला, पेशी बिघडू लागल्या होत्या, पण पडदा शाबूत होता. त्याने तंबाखू सोडली, तपासणीच्या तारखा पाळल्या आणि सुखरूप निवृत्त झाला. सगळेच चट्टे कर्करोगाकडे जात नाहीत. तंबाखू सुटली की काही मावळतातही. मात्र कोणता चट्टा कुठे निघाला आहे, हे आरशात कळत नाही. दोन आठवड्यांत न जाणारा चट्टा किंवा जखम घरात कुणाच्या तोंडात असेल, तर त्याला डॉक्टरकडे न्या. तो कुरकुरेल, पण न्याच. पडदा शाबूत आहे तोवर हातात वेळ आहे.