एका नकाराची किंमत

मानवी प्रजननाच्या इतिहासात १९७८ हे वर्ष दोन कन्यांच्या जन्माचे वर्ष म्हणून नोंदवावे लागेल. २५ जुलै रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे लुईस ब्राउन जन्मली. शरीराबाहेर फलित झालेल्या स्त्रीबीजापासून जन्मलेले जगातील ते पहिले मूल. त्यानंतर अवघ्या दहा आठवड्यांनी, ३ ऑक्टोबर रोजी, ऐन नवरात्रात कलकत्त्यात त्याच मार्गाने दुसरी मुलगी जन्मास आली. तिचे नाव दुर्गा ठेवण्यात आले. पहिलीच्या जन्माला कारणीभूत झालेल्या शास्त्रज्ञांपैकी रॉबर्ट एडवर्ड्स यांना २०१० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरीच्या जन्माला कारणीभूत झालेल्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी तिसरे वर्ष संपण्याच्या आत स्वतःचे जीवन संपविले. या दोन शेवटांमधील अंतर केवळ दैवाच्या माथी मारून मोकळे होणे आपल्याला परवडणारे नाही.

सुभाषबाबूंचा जन्म १६ जानेवारी १९३१ रोजी, आज झारखंडात असलेल्या हजारीबाग येथे झाला. वडील डॉक्टर होते. कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी शरीरक्रियाशास्त्राचे शिक्षण घेतले, १९५५ मध्ये वैद्यकीय पदवी मिळविली आणि १९५८ मध्ये कलकत्ता विद्यापीठाची प्रजननशास्त्रातील डॉक्टरेट संपादन केली. चांगला दवाखाना थाटून सुखाने राहण्यास एवढे पुरेसे होते. पण त्यांची ओढ संशोधनाकडे होती. ते एडिंबरोला गेले आणि संप्रेरकांच्या मोजमापातील अधिकारी पुरुष मानले जाणारे प्रा. जॉन लोरेन यांच्या हाताखाली काम करून १९६७ मध्ये त्यांनी दुसरी डॉक्टरेट मिळविली. स्त्रीचे बीज केव्हा पक्व होते, ते कोणत्या संप्रेरकाच्या इशाऱ्याने सुटते आणि तो इशारा मोजता कसा येतो, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. पुढच्या सगळ्या कार्याचे मूळ येथे आहे. त्या काळी परदेशी गेलेले अनेक बुद्धिमान तरुण तिकडेच स्थिरावत. सुभाषबाबू मात्र परतले आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापन करू लागले.

त्यांनी ज्या दुःखाला हात घातला त्याचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. बीजांडवाहिनी बंद झालेल्या स्त्रीच्या शरीरात बीज तयार होते, पण शुक्राणूशी त्याची गाठ पडत नाही. जंतुसंसर्गाने, आणि आपल्या देशात क्षयानेही, या वाहिन्या बंद होतात. म्हणजे हा एक साधा शारीरिक अडथळा आहे. समाजाने मात्र त्याला कलंकाचे रूप दिले. वंध्यत्वाच्या पुष्कळ प्रकरणांत पुरुषाकडील दोषाचाही वाटा असतो. तरीही वांझ हा शब्द स्त्रीसाठीच राखून ठेवलेला आहे. शेजारच्या घरी डोहाळजेवण असले की जिला बोलावणे टाळले जाते, बारशाला जिची सावलीही नको असते, सवतीची धमकी जिने वर्षानुवर्षे ऐकलेली असते, अशी स्त्री बंगालात होती तशी महाराष्ट्रातही होती, आणि ती पुरती इतिहासजमा झाली आहे असे आजही म्हणवत नाही.

सुभाषबाबूंकडे आलेल्या दांपत्याची अडचण बंद वाहिन्यांचीच होती. शीतविज्ञानाचे जाणकार सुनीत मुखर्जी आणि स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. सरोजकांती भट्टाचार्य यांना बरोबर घेऊन त्यांनी या कामास आरंभ केला. साधने तुटपुंजी होती. पण कल्पना मात्र इंग्लंडमधील प्रयोगापेक्षा वेगळी आणि काही बाबतींत पुढची होती. एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी नैसर्गिक मासिक चक्रातील एकच बीज, पोटातून दुर्बीण घालून, अचूक वेळ साधून काढले होते. सुभाषबाबूंनी संप्रेरके देऊन एकाच चक्रात अनेक बीजे पक्व केली आणि ती योनिमार्गाकडून छेद घेऊन मिळविली. संप्रेरकांच्या माऱ्याने गर्भाशयाचे अस्तर त्या महिन्यात गर्भधारणेस अनुकूल राहत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून फलित झालेले आठ पेशींचे गर्भ त्यांनी डायमिथाइल सल्फॉक्साइड या रक्षक द्रव्यात गोठविले, ५३ दिवस जपून ठेवले आणि नंतरच्या एका नैसर्गिक चक्रात गर्भाशयात सोडले. गोठविलेल्या गर्भापासून मूल जन्मल्याची वार्ता पाश्चात्त्य जगातून आली ती १९८४ मध्ये, मेलबर्नहून. संप्रेरकांनी अनेक बीजे वाढविणे, योनिमार्गाने ती काढणे आणि गर्भ गोठवून योग्य महिन्याची वाट पाहणे या तिन्ही गोष्टी आज जगभरच्या वंध्यत्व-चिकित्सेत नित्याच्या झाल्या आहेत.

मूल जन्मले, वृत्तपत्रांनी बातमी उचलून धरली आणि येथूनच शोकपर्वाचा आरंभ झाला. राज्य शासनाने नोव्हेंबर १९७८ मध्ये चौकशी समिती नेमली. समितीचे अध्यक्ष रेडिओ-भौतिकीचे प्राध्यापक होते. मानवी गर्भ शरीराबाहेर वाढविण्याचा अनुभव एकाही सदस्यास नव्हता. त्या वेळी भारतात तो दुसऱ्या कोणास असणेही शक्य नव्हते. या समितीने सुभाषबाबूंचा दावा अविश्वसनीय ठरविला.

समितीवर सरसकट तुटून पडणे न्यायाचे होणार नाही. शंका घेणे हा विज्ञानाचा धर्मच आहे. सुभाषबाबूंच्या पद्धतीचा त्रोटक वृत्तांत शीतविज्ञानाच्या भारतीय नियतकालिकात त्याच वर्षी आला होता. परंतु दावा जेवढा मोठा होता तेवढे सविस्तर लेखन त्यांच्या हातून झाले नव्हते. विद्वानांच्या सभेआधी बातमी वृत्तपत्रांत गेली, हेही समवयस्कांना रुचले नसावे. तेव्हा प्रश्न विचारले गेले यात वावगे काही नाही.

सर्वांत मोठा पुरावा कोणता होता? ती मुलगी आणि तिची आई. परंतु ते कुटुंब परंपरेला धरून चालणारे होते. आपली मुलगी जगावेगळ्या रीतीने जन्मली हे उघड झाले तर लोक काय म्हणतील, तिला पुढे कोण स्वीकारील, या भीतीने आईवडील समोर येण्यास तयार नव्हते. त्यांना दोष देता येत नाही. ज्या समाजात मूल नसणे ही लाज होती, त्याच समाजात असे मूल असणेही लाजच ठरणार होते. डॉक्टरांनी कुटुंबाची इच्छा राखली. आपला लौकिक वाचविण्यासाठी त्यांनी त्या मुलीला चव्हाट्यावर आणले नाही. वंध्यत्वाचे दुःख दूर करणाऱ्या माणसाचा पराभव अखेर वंध्यत्वाच्या लाजेने केला, हा या चरित्रातील सर्वांत मोठा दैवदुर्विलास होय. दुर्गा पंचवीस वर्षांची झाली तेव्हा, २००३ मध्ये, ती स्वतः होऊन लोकांसमोर आली. १९७८ मध्ये ज्या साक्षीची गरज होती ती यायला पाव शतक लागले.

अविश्वास दाखवूनच शासन थांबले असते तर सुभाषबाबूंनी प्रयोग पुन्हा करून दाखविला असता. परंतु जपानमधील क्योतो विद्यापीठाने १९७९ मध्ये त्यांना आपले काम मांडण्यासाठी बोलावले असता जाण्याची परवानगी नाकारण्यात आली. ज्यांना हे शास्त्र समजत होते अशा श्रोत्यांपुढे उभे राहण्याची वाट अशा रीतीने बंद झाली. १९८० मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला. जून १९८१ मध्ये त्यांची बदली झाली ती नेत्रविज्ञानाच्या संस्थेत. प्रजननाच्या संप्रेरकांवर दोन डॉक्टरेट मिळविलेल्या माणसाने उरलेली नोकरी डोळ्यांच्या विद्युत्क्रियांच्या विभागात काढावी, असा त्या आदेशाचा अर्थ होता. १९ जून १९८१ रोजी कलकत्त्याच्या राहत्या घरी त्यांनी जीवनाचा अंत करून घेतला. वय अवघे पन्नास. मागे पत्नी नमिता राहिल्या. पुढे १९९० मध्ये तपन सिन्हा यांनी एक डॉक्टर की मौत या चित्रपटात ही व्यथा, रोग आणि औषध बदलून, देशभर पोहोचविली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कथेत एक परिचित रचना दिसते. नकार इंग्लंडमध्येही मिळाला होता. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन मंडळाने १९७१ मध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो यांना अर्थसाहाय्य नाकारले होते. पण पैसा नाकारणाऱ्या त्या मंडळाच्या हाती त्यांचा प्रवास, त्यांची नेमणूक आणि त्यांची प्रयोगशाळा नव्हती. एक दार बंद झाले तेव्हा खासगी देणग्यांचे दुसरे दार उघडे होते आणि एका लहानशा रुग्णालयात काम चालू राहिले. कलकत्त्यात वेतन देणारा, चौकशी करणारा, बदली करणारा आणि परदेशी जाण्याची अनुज्ञा देणारा धनी एकच होता. बाजारातील मक्तेदारीचे दुष्परिणाम आपण वर्गात तपशिलाने शिकवितो; ज्ञानाच्या क्षेत्रातील मक्तेदारीचा मात्र आपल्याला सहज विसर पडतो. जेथे खरेखोटे ठरविणारी सत्ता एकच असते तेथे तिची चूक दुरुस्त करणारा कोणी उरत नाही.

दुसरी गोष्ट चुकीच्या हिशेबाची. कोणताही निर्णय दोन प्रकारे चुकू शकतो: खोट्याला खरे मानून किंवा खऱ्याला खोटे ठरवून. पहिली चूक उघड होते, तिच्याबद्दल विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, अधिकाऱ्याची बढती अडते. दुसरी चूक निःशब्द असते. जे संशोधन झालेच नाही त्याचा आकडा कोणत्याही अहवालात येत नाही. म्हणून शासकीय यंत्रणा स्वभावतःच नकाराकडे झुकते. त्या नकाराची किंमत सुभाषबाबूंनी प्राणाने चुकविली. आणि ज्या स्त्रिया त्यांच्याकडे आल्या असत्या त्यांनी ती न जन्मलेल्या मुलांच्या रूपाने चुकविली. त्यांची गणना कोणी केली नाही.

या काळोख्या कथेत एक उजळ प्रकरण आहे आणि त्याचा संबंध मुंबईशी आहे. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हर्षा ही मुलगी जन्मली. परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक डॉ. टी. सी. आनंद कुमार आणि डॉ. इंदिरा हिंदुजा यांचे ते यश होते, आणि भारताची पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणून हर्षेचेच नाव सर्वत्र झाले. १९९७ मध्ये आनंद कुमार कलकत्त्यास गेले असता सुभाषबाबूंचे कागद त्यांच्या हाती पडले. त्यांनी ते बारकाईने वाचले आणि पहिलेपणाचा मान आपला नसून सुभाष मुखोपाध्यायांचा आहे, असे त्याच वर्षी करंट सायन्स या नियतकालिकात लेख लिहून जाहीर केले. स्वतःच्या नावावरचा मान स्वतःच्या हाताने दुसऱ्याला, तोही हयात नसलेल्या माणसाला, देऊन टाकण्याचे उदाहरण आपल्या विद्वज्जगतात विरळाच. पुढे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनेही सुभाषबाबूंचे अग्रत्व मान्य केले. जे काम समितीला जमले नाही ते एका जाणकार आणि निर्लोभ वाचकाने केले. कागद तेच होते. फरक वाचणाऱ्यात होता.

आज ही चिकित्सा शहरोशहरी उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार जगातील प्रौढांपैकी सुमारे सहांत एकास आयुष्यात कधी ना कधी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. आपल्याकडे २०२१ मध्ये या चिकित्सेच्या नियमनाचा कायदाही झाला. तरीही उपचाराच्या एका आवर्तनाचा खर्च बहुधा लाखाच्या पुढे जातो, एका आवर्तनात यश येईलच याची हमी नसते, आणि सरकारी रुग्णालयांत ही सोय अद्याप मोजक्याच ठिकाणी आहे. त्यामुळे शेतमजुराच्या किंवा गिरणीकामगाराच्या सुनेला ती आजही दूरच राहते. सुभाषबाबू शासकीय महाविद्यालयातले शिक्षक होते. त्यांचे काम सार्वजनिक संस्थांतच रुजले आणि वाढले असते, तर ही विद्या पुढे मुख्यतः खासगी दवाखान्यांच्या दरपत्रकावर राहिली नसती, अशी आशा बाळगण्यास जागा आहे.

त्यांच्या स्मृतीस पुतळ्यांची आवश्यकता नाही. सार्वजनिक रुग्णालयात गरिबाला हा उपचार मिळावा, नव्या संशोधनाची परीक्षा त्या विषयाच्या जाणकारांनीच करावी, आणि परीक्षा घेणाऱ्याच्या हाती बदलीचा आदेश असू नये, एवढे झाले तरी पुष्कळ. शासनाने हे करावे. आणि समाजाने आपल्या वाट्याचे काम करावे: मूल नसलेल्या स्त्रीला पुढच्या बारशाचे बोलावणे आधी धाडावे. १९७८ मध्ये एका आईला पुढे येऊन बोलण्याचे धैर्य झाले असते, तर कदाचित एका डॉक्टराचे प्राण वाचले असते.