गोविंदराव टेंबे

गोविंद सदाशिव टेंबे (जन्म : ५ जून, १८८१, मृत्यू : ९ ऑक्टोबर, १९५५) हे मराठी हार्मोनियमवादक, संगीतकार, गायक नट व लेखक होते. साथीचे वाद्य मानल्या जाणाऱ्या पेटीला स्वतंत्र वादनाची प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या कलावंतांत त्यांची गणना होते.

संगीतसाधना
टेंबे कोल्हापूरचे. भास्करबुवा बखले यांच्या गायनाचा त्यांच्यावर खोल संस्कार झाला. बुवांच्या मैफलींत ते पेटीची साथ करीत. पुढे अल्लादियाखाँ यांच्या गायकीचाही त्यांनी अभ्यास केला.

नाटक आणि चित्रपट
किर्लोस्कर नाटक मंडळीच्या 'मानापमान' (१९११) नाटकाला त्यांनी दिलेल्या चाली विलक्षण गाजल्या. ठुमरीच्या वळणाच्या या चालींनी नाट्यसंगीताला नवे रूप दिले. १९१३ मध्ये बालगंधर्व व गणपतराव बोडस यांच्यासह ते गंधर्व नाटक मंडळीचे भागीदार झाले. कालांतराने वेगळे होऊन त्यांनी शिवराज नाटक मंडळी काढली. प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या बोलपटात त्यांनी हरिश्चंद्राची भूमिका केली व संगीतही दिले.

पेटी आणि ऑर्गन
टेंबे यांच्या काळात मराठी रंगभूमीवर पायपेटी व ऑर्गन ही वाद्ये रूढ होती. दोन्हींत पायाने भाता चालवितात, त्यामुळे दोन्ही हात वादनास मोकळे राहतात. पेटीत भात्याची हवा पितळी पट्ट्यांतून बाहेर ढकलली जाते. ऑर्गनमध्ये ती आत ओढली जाते. त्यामुळे पेटीचा स्वर धारदार, तर ऑर्गनचा मऊ व भरीव लागतो. बालगंधर्वांच्या गायनाशी ऑर्गनची साथ कायमची जोडली गेली.

मर्यादा मात्र दोन्हींची एकच. सप्तकातील बारा स्वर पक्के बसविलेले असल्याने मींड निघत नाही व सूक्ष्म श्रुती सापडत नाहीत. याच कारणावरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. ती शिथिल होण्यास १९७० चे दशक उजाडले. टेंबे तोवर हयात नव्हते. तथापि मैफलीतून पेटी हटली नाही. कणस्वर, बोटांची चपळाई व भात्यावरील ताबा यांच्या बळावर स्थिर स्वरांतूनही गायकीचा आभास निर्माण करता येतो, हे त्यांच्या पिढीच्या वादकांनी सिद्ध केले होते.

लेखन
'माझा संगीत व्यासंग' (१९३९) व 'माझा जीवनविहार' हे त्यांचे आत्मपर ग्रंथ असून तत्कालीन संगीत व रंगभूमीच्या अभ्यासासाठी ते महत्त्वाचे आहेत.